उजव्या डोळ्यातली सारजा

१२ जानेवारी १९३६, वडगाव निंबाळकर

बारामतीहून मोटारीनं धूळ खात आलो, पण जिवाचं सोनं झालं! पुण्याचे फोटोवाले माझ्या काचेला हसले होते. इथल्या मोहनरावांनी मात्र उत्तरेच्या उजेडाची खोली दिली आणि दोन भिंगांचा कॅमेराही. माझ्या काचेवर बारीक काळ्या रेघा आहेत, मागे दोन फोटोंच्या पट्ट्या. डाव्या डोळ्याला डावा फोटो दिसतो, उजव्याला उजवा. चष्म्याशिवाय माणूस समोर बसल्यासारखा वाटतो. मोहनरावांना त्यांच्या वारलेल्या म्हाळसाबाई तशा हव्यात.

१५ जानेवारी

डोकं फिरलंय. याच कॅमेऱ्यानं पूर्वी काढलेल्या म्हाळसाबाईंच्या जोडफोटोतली उजवी प्लेट फुटलेली निघाली. मोहनराव म्हणतात, उजव्या डोळ्यासाठी दुसऱ्या बायकोला बसवा, तीच खुर्ची, तेच लुगडं. जित्या बाईला ठिगळ समजतो हा माणूस! सारजाबाई खाली मान घालून बसल्या. गळ्यात वारलेल्या सवतीचा चांदीचा टाक, तिच्या नावानं घातलेली मूर्तीची पत्री. नवं लुगडं आधी टाकाला दाखवून मगच त्या नेसतात. टाक चकाकत होता, म्हणून मीच काढायला लावला. स्वयंपाकाच्या कुशाबाई कळवळून म्हणाल्या, "गळ्यात हाय म्हणून थोरली गप हाय, काढू नगासा." मी हसलो. टाक मोहनरावांनी खिशात घातला.

२० जानेवारी

दोन चेहरे एकमेकांशी भांडायला हवे होते. उलट एकच बाई उठून आली, नाक पार काचेबाहेर. मोहनराव रडले. खोटं कशाला बोलू, मीही फुगलो.

२४ जानेवारी

चित्राचा हात आज चौकटीबाहेर दिसतो. सारजाबाईंच्या बांगड्या मनगटातून गळतात. बाजूनं पाहिलं तर त्यांचा चेहरा भाकरीसारखा सपाट. त्यांची कळा माझ्या काचेत जातेय.

२६ जानेवारी

टाक परत मागितला. मोहनराव हसले. बारामतीच्या सोनाराकडून आटवून कोटाची बटणं केलीत म्हणे! मुस्काटात द्यावीशी वाटली. बाई कशा आहेत विचारलं, तर म्हणाले, म्हाळसा बरी हाय की.

आणि मी? टाक काढा म्हणणारा मीच ना? थू माझ्या हुशारीवर.

२७ जानेवारी, दुपार

उजवा डोळा मिटला. म्हाळसाबाईंची खुर्ची रिकामी.

डावा मिटला. सारजाबाई आहेत. रडताहेत. ओठ हलताहेत —

स्वयंपाकघरात बांगड्या वाजतात. कुशाबाई तर सकाळीच घर सोडून गेल्या.

२८ जानेवारी

मोहनरावांनी ओट्यावरून "म्हाळसा" अशी हाक मारली. आतून ओ आली.

हातोडा उचललाय. काच फोडली तर सारजाबाई सुटतील की —

त्या मान हलवतात. नको म्हणतात? की मागे बघ म्हणतात?

बांगड्या माझ्या खोलीत. मागे वळणार नाही. डावा डोळा घट्ट मिटलाय, उजव्यात फक्त सारजाबाई, फक्त —

नाही. उजव्यातही म्हाळसाबाईच —