पाठीने ऐकायची पेटी

तीर्थस्वरूप काकांस,

साष्टांग नमस्कार. (दोन दिवस गाडीत आडवा होऊन तारा ओढल्याने कंबर धरली आहे, तेव्हा सध्या अर्धाच पोचता करतो, उरलेला सावकाश.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? काकूंनाही नमस्कार. इकडे सगळे ठीक, आणि तुमचे थोरले बंधू तर ठीकच्याही पलीकडे.

कान गेल्यापासून बाबा चारचौघांत बसेनासे झाले होते, हे तुम्ही जाणताच. यंत्र लावायला नकार, आणि कोणी काही बोललं की ‘बरं बरं’ म्हणून उठायचं. घरात असून नसल्यासारखे. मला खरंच धास्ती वाटू लागली होती. अशात एक दिवस ते गाडीत वाजवायचा भलाथोरला सबवूफर, म्हणजे जाड आवाजाची पेटी, आणि त्याचा अँप्लिफायर घेऊन आले. जाड आवाज कानापेक्षा अंगाला जास्त कळतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. आईने विचारलं, बहिऱ्याला वाजंत्री कशाला? ते त्यांना ऐकू आलं नाही (किंवा आलं; याबाबतीत त्यांचा भरवसा नाही).

अँप्लिफायरला वीज थेट बॅटरीतून लागते. बॉनेटपासून डिकीपर्यंत जाड तार नेण्याचं सगळं डोकं बाबांचं, मी नुसता हमाल. मला एकच काम दिलं होतं, अर्थिंगची तार गाडीच्या पत्र्याला जोडायचं. मी ती चकचकीत रंगावरच आवळली. पेटी ढिम्म. बाबांनी मला एका बोटाने बाजूला सारलं, पॉलिश पेपरने रंग खरवडून पत्रा उघडा केला, तार पुन्हा आवळली, आणि अँप्लिफायरचा दिवा लागला. गाडी माझी, रंग माझा, आणि खरवडलेली पूड झाडायचं कामही माझंच.

आणखी एक बारीक तार होती. ती गाडीतल्या टेपला जोडायची, म्हणजे टेप बंद केला की अँप्लिफायरही झोपतो. बाबांनी ती थेट बॅटरीला जोडली होती. अँप्लिफायर रात्रभर जागा राहिला आणि सकाळी बॅटरी खलास. नेमकी त्याच सकाळी मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेणार होतो. डॉक्टरची वेळ टळून गेल्यावर त्यांनी ती तार न विचारता योग्य जागी लावली. याला चूक म्हणायचं की कसब, तुम्हीच ठरवा; तुमचा त्यांच्याशी परिचय माझ्यापेक्षा जुना. मी मनोमन हात जोडले.

शेजाऱ्याच्या गाडीवरून बॅटरी जिवंत केली आणि संध्याकाळी बाबा मागच्या सीटवर पाठ टेकून बसले. मी गाणं लावलं. काचा थरथरल्या, समोरच्या वकीलबाई गॅलरीत आल्या, आणि बाबा डोळे मिटून मांडीवर ठेका धरत होते, एकही मात्रा न चुकवता. मला भरून आलं, काका. पडलेला स्क्रू शोधायच्या निमित्ताने मी सीटखाली डोकं घातलं.

तुमचा आज्ञाधारक (बाबांचा तर सक्तीने)
पुतण्या

ता. क. वकीलबाई तक्रार घेऊन आल्या होत्या. बाबांनी सगळी शांतपणे पाहून घेतली.

आणखी ता. क. खरं काम पुढेच आहे. फोनवर बाबा काही न ऐकता ठेवून देतात म्हणून तुम्ही फोन करणं सोडलंत, ते रास्तच. पण पाचेक मिनिटं तुमचा आवाज रेकॉर्ड करून मला पाठवाल का? विषय कोणताही. शिव्या दिल्यात तरी चालेल, फक्त खालच्या पट्टीत द्या. काल पेटीवर तळहात ठेवून बाबांनी विचारलं, यातून माणूस बोलतो का रे? जाड आवाजाचा बोलेल, असं मी ओरडून सांगितलं. ते म्हणाले, “मग धाकटा बोलेल.”