बेदाण्याचं पार्सल

१२ फेब्रु.
ह्यांचा फोन. पार्सल पोचलं, आठवड्यात! मला खरंच वाटेना. तीन वर्षांमागं जंगलातल्या फौजेच्या त्याच कॅम्पवर बेदाणा पोचायला दीड महिना लागलेला, तोही निम्मा मुंग्यांनी खाल्लेला. रस्ताच नव्हता, हेलिकॉप्टर येईल तेव्हा टपाल. आता ट्रक थेट दारात. "जिंकत आलोय गं," म्हणाले. पेन्शनचा अर्ज भरून बॅगेत ठेवलाय, सही तेवढी राहिलीय. "एवढं संपलं की येतो." एवढं म्हणजे केवढं, विचारलं तर हसले. हसायला काय जातंय.

१९ फेब्रु.
शेडवर बेदाणा निवडणी. मान मोडली. मामंजी स्वतः सुभेदार होऊन रिटायर झालेले, टीव्हीवरच्या बातम्यांवर चिडतात. "मेलेली मोजून लढाई कळत न्हाई पोरी. बाजार भरतोय का इचार त्याला. बाया बाजाराला आल्या की समजायचं."
विचारलं. शनिवारी भरतो म्हणे. बांगड्यावालासुद्धा येतो.
बांगड्यावाला! त्या रानात! 

२६ फेब्रु.
लेक आली, प्राजू, सांगलीहून. कॉलेजला सुट्टी. जेवताना आजोबांशी वाजलं. "आपल्याच माणसांवर बंदुका धरून कसलं जिंकणं, आजोबा? इतकी वर्षं झाली, कुणाला पाहिजे ही लढाई?" मामंजी ताटावरून उठले. मी प्राजूला झापलं. पण खरं लिहायचं तर, मला माझा माणूस घरी पाहिजे, बस.

२८ फेब्रु.
व्हिडिओ कॉल!! टॉवर उभा राहिला तिथं. ह्यांच्या मागं बाकावर एक पोरगी बसलेली, प्राजूएवढीच. बंदूक टाकून शरण आलेली. आमचे बेदाणे खात होती, एकेक, बघून बघून. "द्राक्ष कवा बघितलं न्हाई तिनं," हे म्हणाले. ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या असतील हिनं, आणि मला वाटतंय, पोरीला तेल लावून वेणी घालावी. प्राजू हसली, ती पण लाजून हसली.
मग दिवसभर घरात कुणी वाद घातला नाही.

२० मार्च
बारा दिवस फोन नाही. टॉवर असून! पार्सल टाकलं, पिवळा बेदाणा, एक नंबर. पोस्टातले भाऊ म्हणाले, "पत्ता त्योच न्हवं, वहिनी?" तोच, म्हटलं.

२ एप्रिल
अनोळखी नंबर. वाजू दिला. शेवटी मामंजींनी उचलला, माझ्याकडं दिला.
एक मास्तर, पार्सलवरचा नंबर बघून. हिंदीत. किसमिसचं पार्सल तुमचं का? कॅम्प पुढं हलला, तिथल्या पत्र्याच्या शेडात आता शाळा भरते. पार्सल पोरांनी फोडलं, खाल्लं. माफी मागत होता बिचारा. मागं पोरं पाढे म्हणत होती, एका सुरात.
काय तो आवाज! जिथं हे बूट घालून झोपायचे, तिथं पाढे. रडले, हसले, खाऊ द्या म्हटलं.
फौज कुठाय विचारलं. डोंगरापलीकडं, आणखी आत. तिथं रस्ता नाही अजून. रेंज पण नाही.
"शाळा भरली? मग जिंकलं की गं!" मामंजींचे डोळे भरलेले.
जिंकलं. व्हय. आणि अर्ज ह्यांच्या बॅगेत, बॅग ह्यांच्या पाठीवर.

६ एप्रिल
आणखी एक खोकं भरलं. कापडात शिवून टाकलं. वर नाव लिहिलं ह्यांचं. पत्ता राहिलाय.