लेकीला देणार न्हाय

आत्याबाई, तुमी जाऊन लई वर्षं झाली. आज नात व्याकरणाचं पुस्तक मोठ्यानं वाचत हुती. मराठीत 'ला' कर्मालाबी लागतो आन ज्याला द्यायचं त्यालाबी, म्हणे. म्या हसतच सुटले. म्हणलं, बस, लिही. मला अक्षर येत न्हाय, पण ह्या 'ला'नं माझा संसार मोडायला आणला हुता.

निजामाचं राज हुतं. उमरग्याकडं सासरी तुमच्या चुलीपाशी कानडी, येरमाळ्याला माझ्या माहेरी नुसती मराठी. म्या तिथंच बाळंत होऊन महिना झालेला. तुमच्या गावचा बैलांचा व्यापारी बाजाराला आला, त्याच्यासंगं तुमी मिरच्यांचं लोणचं धाडलं. माझा बाप बरणी आत ठेवून दारात येतो आन म्हणतो, "लेकीला देणार न्हाय, विहीणबाईंना सांगा." अंगावर पिणाऱ्या लेकराला तिखट बाधंल, एवढंच त्याच्या मनात. व्यापाऱ्याचं तोंड उतरलं. निरोप इसरू न्हाय म्हणून तो कानडीत घोकत निघाला, "मगळन्न कोडंगिल्ल." तुमच्या कानडीत लेकीला काही द्यायचं तर 'मगळिगे', आन लेकच द्यायची तर 'मगळन्न'. लोणचं ऱ्हायलं बाजूला, न द्यायची वस्तू म्याच झाले.

तीन महिने न्यायला कुणी न्हाय. मग खबर आली, तुमच्या लेकाला दुसरी पोरगी बघायलेत. बाप सारखा विचारी, "आपलं चुकलं काय गं?"

आन एक दिवस तुमीच गाडीतून उतरलात. पाणी घेतलं न्हाय, उंबरा वलांडला न्हाय. बापाला सरळ विचारलंत, "मगळिगे का मगळन्न?"

बाप माझ्याकडं बघतो. "काय म्हणायलेत बाई?"

म्या आतून वरडले, "मगळिगे, आत्याबाई, मगळिगे! लोणचं!"

तुमी मटकन पायरीवर बसलात. "अय्य शिवने! लोणच्यापायी म्या लेकाचं दुसरं लगीन लावत हुते की!" मग लेकरू मागितलंत, आन त्याच्या टाळूवर हात ठिवून किती तरी येळ हसलात. माझा जीव भांड्यात पडला, तो आजवर तिथंच हाय.

त्या व्यापाऱ्याला मात्र तुमी मरस्तोवर येडं म्हणलात. नात विचारायलीय, पत्ता काय घालू? म्हणलं, घडी कर आन ठिव. पण एक लिही आधी. तो घोकत निघाला तवा म्या दाराआड हुते. तुमच्या चुलीपाशी शिकलेली कानडी मला कळत हुती. चूक कळली, तरी हाक मारली न्हाय. वाटलं, तेवढेच आठ दिस आईपाशी जास्त मिळतील.