जिलेबीचा पुडा

आप्पा,

तुमची दारू सुटली. आई म्हणते, आता संध्याकाळी दाराकडे बघत बसावं लागत नाही. मी मात्र वजन उतरवते आणि ते परत चढतं. परवा समुपदेशक बाईंनी विचारलं, "गोड खाताना कोण आठवतं?" मी म्हटलं, "कुणी नाही."

तुम्ही आठवता. पिऊन यायचात तेव्हा देवळाली कॅम्पातून जिलेबी आणायचात, "ये गं माझे ढमे" म्हणत मांडीवर घेऊन भरवायचात. प्यायलेले नसताना कधी जवळ घेतलं नाहीत. अजूनही घेत नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंत तर लगेच जिलेबी आणायला निघाल, आणि ते दुकान अजून गुत्त्याला लागूनच आहे.

तुमचीच,
ढमी