तारीख नवी, आकडा जुना

बाई,

कामठीच्या आपल्या शाळेत खिडकीतून यंत्रमागांची खटखट यायची आणि आम्ही कविता त्याच तालावर म्हणायचो, हे मी आजवर किती जणांना रंगवून सांगितलं असेल! पण परवा दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही आठवलात ते त्या खटखटीमुळे नाही. ती मध्येच थांबायची, त्यामुळे.

तुम्ही रांगेने एकेकाला एकेक ओळ म्हणायला लावायच्या. एकदा नदीच्या कवितेतली माझी ओळ मी साफ विसरलो. पण वृत्त तर अंगात भिनलेलं! तिथल्या तिथे एक ओळ रचली आणि ठोकून दिली. यमकही जुळलं. मागचा मुलगा पुढची ओळ म्हणून मोकळा झाला, वर्ग खूश. तुम्ही मात्र हात वर केलात. "ओळ गोड आहे रे. पण कवितेतली नाही." नेमका तेव्हाच बाहेर एक माग बंद पडला. "ऐकलंस? आडवा धागा तुटला की तो आपोआप थांबतो. तसाच चालत राहिला तर कापडाला भोकं पडतील. विसरलास तर 'अडलो' म्हण. वर्ग थांबेल. वर्ग थांबल्याने कोणी मरत नाही."

आता माझ्या घरचं ऐका. बायकोची किडनी अधू आहे. रक्तातलं पोटॅशियम वाढू द्यायचं नाही, म्हणून संत्री बंद. जिचं माहेर काटोलचं, तिला संत्री बंद! दर पंधरवड्याला रक्त तपासायचं, आकडा हद्दीत आला तर डॉक्टरांनी एखाद्या फोडीची मुभा दिलेली. तो आकडा फोनवर येतो, आणि तो आणण्याचं काम आमच्या लेकीचंच. लॅबच्या यंत्रातून दवाखान्यात आणि तिथून पेशंटच्या फोनवर आकडे पोचवणाऱ्या कंपनीत ती आहे. मी विचारलं तेव्हा म्हणाली होती, "बाबा, रांगेत मुलं बसली आहेत असं समजा. एकानं 'झालं' म्हटलं की पुढचा उठतो." मला कोण आनंद! म्हणजे हे कवितेसारखंच की.

गेल्या वेळी फोनवर नवी तारीख, हद्दीतला आकडा आणि पुढे हिरवी खूण आली. बायको म्हणाली, "द्या न हो मले, आता तं परत हिरवं आलं." फोड कसली, मी अख्खं संत्रं सोलून देत गेलो. रोज. शिरा काढून, बिया काढून. आणि परवा सकाळी ती ओट्याला धरून उभी असताना हळूहळू खाली बसते आहे, आणि मी बघतो आहे, आणि ती म्हणते आहे, "पायात जीवच नाही हो माह्या."

दवाखान्यात लगेच रक्त तपासलं. डॉक्टरांनी तो नवा आकडा पाहिला, फोनवरचा पाहिला. "हे दोन्ही एकाच बाईचे आहेत?" लेकीने तिथेच बाकावर लॅपटॉप उघडला. तिचा चेहरा पांढरा पडत गेला तो मी पाहिला, बाई, तसा कोणाचा पडलेला मी पाहिला नव्हता. "बाबा, त्या दिवशी लॅबचे आकडे आलेच नव्हते. पहिलीच पायरी फसली होती. पण कुठे चूक झाली तरी थांबू नको, पुढे जा, असं मीच लिहून ठेवलं होतं. बारीकसारीक गोष्टीनं सगळं अडायला नको म्हणून. मग पुढच्या पायरीनं जुन्याच आकड्यावर नवी तारीख टाकली. आणि शेवटी, सगळं झालं म्हणून, हिरवं."

कोणी खोटं बोललं नव्हतं. जो तो आपली ओळ तालात म्हणून खाली बसला होता.

तिच्या साहेबांचा फोन आला. "अगं, परत चालव ना. हिरवं झालं की विषय संपला." एरवी साहेबांशी जपून, नीट बोलणारी पोर एकदम म्हणाली, "नाही सर. मी बंद करून राहिली. आईसारखे अजून किती जण जुना आकडा पाहून राहिले, मले माहीत नाही." आणि तिने सगळं थांबवलं. पडदा लाल झाला. ज्यांचे आकडे शिळे होते त्यांच्या नावापुढे 'आकडा आला नाही' असं आलं, आणि दवाखान्यातून एकेकाला फोन जाऊ लागले. मला तो थांबलेला माग ऐकू आला.

खाटेवरून बायको म्हणते, "काहून रडून राहिली वं? मेली नाही मी अजून. घरी दोन संत्री उरली आहेत, शेजारणीले देऊन टाक." आता ती घरी आली आहे, चिडचिड करते आहे, म्हणजे बरी आहे.

पण व्हरांड्यात लेकीने मला विचारलं होतं, "बाबा, माझ्यावर रागावले का?" मी श्वासही न घेता म्हणालो, "छे गं, तुझी काय चूक!" किती सुरेल बसलं ते. तिला पटलंही.

हे पत्र कुठे टाकायचं, बाई? तुमचा पत्ता नाही, आणि ज्या पोरीला हे वाचून दाखवायला हवं ती समोर स्वयंपाकघरात पोटॅशियम निघून जावं म्हणून आईची भाजी उकळून तिचं पाणी ओतून देते आहे. मी दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा "काही नाही" म्हणालो. ती व्हरांड्यातली ओळ मी तिथल्या तिथे रचली होती. खरी अजून आलेली नाही.

अडलो, बाई.