कुंडलिकमामाचं नाव घेतलं

कोलशेत, ठाणे

प्रिय आई,

तुला आणि मामाला मनापासून जयभीम. तुझी नात मैत्री एकदम बरी आहे, आत्ता खिचडी भिंतीला फासतेय. फोनवर तू लगेच रडतेस, म्हणून लिहितेय.

तापात तिला फिट आली, पण लगेच थांबली. मी तिला कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही. शेजारच्या काकू कांदा हुंगवायला धावल्या, त्यांना तसंच परत पाठवलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, अशा बहुतेक पोरांना पुढे काही होत नाही. तरी जन्माच्या वेळी त्रास झालेला का, डोक्याला मार लागलेला का, घरात कुणाला मिरगी आहे का, हे विचारावंच लागतं. सासूबाई बाजूलाच बसलेल्या. मी डोळे मिटले आणि कुंडलिकमामाला फिट येतात, हे सांगून टाकलं.

सासूबाई काय म्हणाल्या माहितेय? "आमच्या प्रशांतलापण लहानपणी तापात यायच्या. लग्न मोडेल म्हणून बोललो नाही." प्रशांत बघतच राहिला, त्यालाही माहीत नव्हतं! घरी येईपर्यंत आम्ही तिघं हसत होतो.

तेव्हा तू उगाच स्वतःला दोष देऊ नकोस. मामा गोळ्या वेळेवर घेतो ना? तुझे गुडघे कसे आहेत?

हे लोक मला बघायला आलेले, तेव्हा तू मामाला दिवसभर शेतावर पाठवलेलंस. मैत्रीच्या वाढदिवसाला त्याला घेऊन ये. केक कापताना ती त्याच्याच मांडीवर बसेल.

तुझीच,
रचना