अळणी व्रत

२९ एप्रिल
बायकोचं, यशोदेचं वजन आणखी दोन किलो उतरलं. जुलाब, ओकारी, चक्कर. थायरॉइडची गोळी चालू आहेच. इंदापूरचे डॉक्टर म्हणतात आम्लपित्त, शेजारी म्हणतात दृष्ट. मी वार्ताहर — दोन्ही बाजू छापतो! शाळेच्या छपराखाली शिकवते, तरी काळवंडत चाललीय. तिची बहीण अनिता नरसिंहपुरात टोमॅटोच्या रानात राबते, तिचं काळवंडणं समजू शकतो.

१ मे
नवल! उपासाला पोट शांत. भगर, बटाटा, शेंगदाण्याची आमटी — त्रास नाही. पोळी खाल्ली की पुन्हा सुरू. अनिता फोनवर: "दाजी, नरसिंहाचीच खूण हाय. ताईला त्याचं नवरात्र धरू द्या." हल्ली यशोदेला कैरीला मूठभर मीठ लागतं, चिडवायला म्हटलं, धरा, पण अळणी! वर एक श्लोकही म्हटला. जागेवर रचलेला. दोघींनी भक्तिभावानं ऐकला.

३ मे
नवरात्र सुरू. अळणी.

५ मे
पोट दुखत नाही, पण भिंत धरून चालते. "सोड," म्हटलं. "आता मधेच? शास्त्र तुम्हीच सांगितलंत ना?"
सांगायला हवं होतं. हसलो.

६ मे
स्वयंपाकघरात कोसळली. रक्तदाब सत्तर. गाडीत घालून बारामती. ग्रंथींच्या डॉक्टरीणबाईंनी हिरड्या पाहिल्या, तळहाताच्या रेषा पाहिल्या — काळ्या. "मीठ फार खावंसं वाटायचं?" सगळं सांगितलं, श्लोकासकट. त्या हसल्या नाहीत.

१२ मे
निदान. शरीर स्वतःच्याच ग्रंथींवर उलटलंय — आधी थायरॉइड, आता मूत्रपिंडांवरच्या. शिवाय आतड्याला गहू सोसत नाही, म्हणून उपासाला बरं वाटायचं. ती मिठावर तग धरून होती. तेच मी काढून घेतलं. गोळ्या जन्मभर.
"सख्ख्या बहिणीलाही तपासा." अनिताला कळवलं. "टोमॅटोचा तोडा उरकला की येते, दाजी." श्लोकाचं बोललो नाही. लाज वाटली.

१३ मे
यशोदेला मात्र सांगितलं, श्लोक माझा होता.
"ओळखलं होतं मी."
"मग अळणी का धरलंस?"
"बरं व्हायचं होतं हो."

१४ मे
सकाळीच अनिताचा फोन. आवाज खोल गेलेला. "दाजी, ताई पडली तवापास्नं मीबी अळणी उपास धरलाय, तिच्यासाठी. आज नववा. पोट झ्याक हाय, पर उठवत न्हाय."
निघालो. खिशात मिठाची पुडी.